धुऱ्यावरची जागा

आषाढ अर्धा सरला की भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सकाळी टेम्पो दिसू लागतात. मागच्या हौद्यात बाया उभ्या, एकीला एक खेटून, डोक्यावरून प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या, हातात जेवणाचे डबे. एसटीच्या खिडकीतून मी त्यांना पाहते, त्या मला पाहतात, एखादी ओळख नसताना हसते. कुठं चालल्या, हे विचारायची गरज नसते. या दिवसांत अख्खा जिल्हा एकाच कामाला निघालेला असतो. रोवण्याला. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखल केलेल्या बांधीत, खाचरात, रोवायचे. पुस्तकात याला भाताची लावणी म्हणतात. शाळेत भूगोल शिकवताना मीही तसंच म्हणत असे आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. रोवणा म्हटलं की लगेच माना हलायच्या.

आज मी एकोडीला चालले आहे. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, रंगांची छोटी पेटी, आणि काखेत घडीचं स्टूल. कंडक्टरनं स्टुलाकडे बोट दाखवून विचारलं, मॅडम, मासोळ्या धरायले चालल्या का? मी हो म्हणून टाकलं. चित्र काढायला चालले असं सांगितलं असतं तर लाखनी येईपर्यंत समजावत बसावं लागलं असतं. शिवाय खरं कारण ते नव्हतंच. स्टूल माझ्यासाठी नव्हतं.

हे स्टूल बाली बेटावर जाऊन आलेलं आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी, ऐन रोवण्याच्या दिवसांत, मी त्याला घेऊन गेले होते. नोकरीतून मोकळी झाल्यावर मला चित्रांचा नाद लागला. पुण्याच्या मृणालताई मोबाईलवरून स्केचिंग शिकवायच्या, मी भंडाऱ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर कांदे-वांगी काढायचे. त्याच ताई दरवर्षी एक गट परदेशात नेतात. सकाळी चित्र, दुपारी चित्र, संध्याकाळी सगळ्यांची चित्रं ओळीनं मांडून बघायची, खरेदीबिरेदी काही नाही. त्या वर्षी बाली ठरलं होतं. डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांची धानाची शेतं आहेत म्हणे. आमच्या घरात हे ऐकून हशा पिकला. आमचे हे म्हणाले, "धान पाहायला समुद्र ओलांडून जातेस? काखेत कळसा अन् गावाला वळसा." पण एक कुतूहल मात्र मनातून हलेना. आपण जे काम करतो तेच काम आपली कसलीच ओळख नसलेली माणसं करतात तेव्हा ते कसं दिसत असेल? आपल्या घरचं वरण दुसऱ्याच्या घरी खाताना जीभ जशी जरा जागी होते, तसं काहीतरी.

जायच्या आधी मी एकोडीला बाईंना भेटायला गेले. बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, कमलबाई. मी त्यांना बाई म्हणते आणि अहोजाहो करते, त्या मला नावानं हाक मारतात. लग्न होऊन एकोडीत आल्यापासून बाईंनी रोवण्यात रांगेचं उजवं टोक धरलेलं. रोवताना बाया एका रांगेत वाकून उभ्या राहतात आणि मागे मागे सरकत जातात. समोर रोवलेली बांधी वाढत जाते, पाठीमागचा चिखल कमी होत जातो. टोकाची बाई सरळ सरकली तर रांग सरळ. ती चुकली तर सगळी बांधी वाकडी. बाईंच्या रांगेकडे बघून कुणी वाकडी म्हणायची हिंमत केली नव्हती. त्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून सांगितलं की आता चिखल बंद.

त्यांचा मुलगा प्रशांत समजावून थकला. आई, रोवू नको, पण धुऱ्यावर, बांधावर, येऊन बस तरी, बायांवर लक्ष ठेव. बाईंनी त्याला उडवून लावलं. "मी का उंटावरून शेळ्या हाकू? धुऱ्यावर जावई बसते नाही तं तलाठी बसते. ज्यानं रोवलं नाही त्यानं बसावं थ्या जागी." एवढं बोलून त्यांनी परसातली खाट उचलून ओसरीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून टाकायला लावली. तिथून शेत दिसत नाही. मी गेले तेव्हा त्या खाटेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत होत्या, हे माझ्या लक्षात आलं. मला फार वाईट वाटलं. माणसाचा हात दुखावला तर तो बांधून ठेवता येतो. यांचा तर ऋतूच काढून घेतला होता.

मी बालीचं सांगितलं. मग डाळीतून मान वर न करता त्यांनी विचारलं, "तिकडे धान रोवतात का फेकतात?" रोवतात म्हणे, मी म्हटलं. "मंग मागं सरकतात का पुढं जातात? बाया गाणे म्हनतात का?" मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाहून येजो. फोटो नोको पाठवू, मोबाईलात मले समदं मुंगीवानी दिसते. कागदावर मोठं काढून आनजो."

निघताना प्रशांत फाटकापर्यंत आला. आई घरात अशीच बसून राहिली तर पुढच्या वर्षीपर्यंत उठायचीच विसरेल, असं तो हळूच म्हणाला. कष्ट बंद झाले याचं त्याला बरंच वाटत होतं, भीती दुसरीच होती. बाई पुन्हा शेताकडे पाहतील की नाही, त्या घराला तेवढी एकच काळजी होती. तीच काळजी पिशवीत घालून मी निघाले.

नागपूरच्या विमानतळाकडे जाताना शहापूर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोवणा चाललेला दिसला. सगळीकडे पाठीच पाठी. लाल, हिरव्या, निळ्या पदरांच्या वाकलेल्या पाठी. मी गाडीच्या थंडगार काचेमागे, मांडीवर कोरं स्केचबुक घेऊन. मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच काच खाली करून वासही घ्यावासा वाटला. ड्रायव्हरनं विचारलं, मॅडम, एसी बंद करू का?

बालीतल्या पहिल्या सकाळी माझ्या डोक्यातलं पंचांगच कोलमडलं. आकाशात ढगाचा तुकडा नाही, स्वच्छ ऊन, आणि शेतं पाण्यानं काठोकाठ. एका पायरीवर नुकतं रोवलेलं, तिच्या खालच्या पायरीवर धान पोटरीत आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात, पलीकडं पिवळं पिकलेलं, आणि त्याच्याही पलीकडं कापणी चाललेली. एकाच डोंगरावर, एकाच सकाळी. मी स्टूल उघडायचं विसरून उभीच राहिले. आमच्याकडे सगळ्या बांध्या एकदम पोपटी होतात, एकदम गर्द होतात, दिवाळीच्या पुढेमागे एकदम पिवळ्या पडतात. धान म्हणजे आम्हाला एक वेळ असते. इथं धान ही एक जागा होती, आणि अख्खं वर्ष त्या जागेवर पसरून ठेवलेलं. मग या लोकांना वर्ष सरलं हे कळतं कसं? कुणाची मुलगी रोवण्याच्या आधी झाली की नंतर, हे यांच्याकडच्या आज्या कशा सांगतात?

आमच्याबरोबर वायान नावाचा तिथला वाटाड्या होता, पर्यटकांकडून बरीचशी हिंदी शिकलेला. त्याला मी हे सगळं विचारून पिडलं. तो म्हणाला, पाणी डोंगरावरून वर्षभर येतं, त्यामुळे पावसाची वाट बघायची नसते, पाळीची बघायची असते. पाण्याचं देऊळ आहे, तिथं शेतकरी जमतात आणि कुणाला कधी पाणी ते ठरवतात. भांडणं होत नाहीत का, मी विचारलं. तो बराच वेळ हसला. मलाही बरं वाटलं. एकोडीच्या तलावाचं पाणी सुटतं त्या आठवड्यात आमच्या गावात कोण कुणाशी बोलत नाही याची यादी करायला मोठी वही लागेल.

मग मी ज्याच्यासाठी गेले होते ते पाहायला लागले. खालच्या बांधीत रोवणा चालला होता. चिखल, पऱ्ह्यांच्या जुड्या, वाकलेली रांग, मागे मागे सरकणारी पावलं. मागेच! बाईंच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून मी खूश होऊन भराभर काढायला बसले. मृणालताई मागं येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ चित्र पाहून त्यांनी विचारलं, सुनंदाताई, या कोण आहेत? मी म्हटलं, रोवणाऱ्या बाया. त्यांनी समोर बोट दाखवलं. मी पाहिलं. रांगेत एकही बाई नव्हती. सगळे पुरुष होते, चड्डीतले, डोक्याला फडकं बांधलेले, आणि मी प्रत्येकाला काष्ट्याचं लुगडं नेसवून पदर खोचून दिला होता. डोळे समोर होते खरे, पण हातानं एकोडीच काढली होती.

वायान म्हणाला, इकडे रोवायचं काम बहुतेक पुरुषांचंच, बाया कापणीला येतात. माझा काही विश्वास बसेना. आमच्याकडे पुरुष नांगरतो, चिखल करतो, पऱ्हे आणून टाकतो, पण तो रोवायला वाकला तर बाया दिवसभर त्याची टर उडवतील. आणि गाणी? वायाननं खांदे उडवले. एकाच्या खिशात मोबाईल वाजत होता, तेवढंच.

त्या संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना एक सांगितलं. माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा, आणि आधी काही वेळ पेन्सिल पिशवीतच राहू द्या, नुसतं बघा. बाकीच्यांना हे सोपं गेलं. पुण्या-मुंबईचे लोक हात मांडीवर ठेवून शांत बसायचे. मला ते जमेना. समोर माणसं वाकून राबताहेत आणि मी धुऱ्यावर पाय पसरून बसलेय. सासर धानवाल्यांचं असलं की अशा वेळी बूड टेकत नाही. मी स्टुलावर चुळबुळ करायचे, उगाच पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचे आणि लावायचे, म्हणजे लांबून कुणाला वाटावं की ही काहीतरी करते आहे. झाकण फिरवता फिरवता मला बाईंची भिंतीकडे वळवलेली खाट कळली. त्यांचा तो हट्ट आहे असं तोवर मला वाटत होतं.

असं बसवत नव्हतं म्हणूनच पुढचा घोटाळा झाला. एका सकाळी मी नव्यानं रोवलेल्या बांधीच्या धुऱ्यावर बसले होते. कोपऱ्यात काहीतरी खळखळलं. पाहिलं तर धुऱ्याला हातभर भगदाड, आणि त्यातून पाणी धो धो खालच्या बांधीत चाललेलं. आमच्याकडे खेकडे धुरा पोखरतात आणि रातोरात बांधी कोरडी पडते. नवा रोवणा आणि पाणी चाललंय, असं दिसलं तर शेत कुणाचंही असो, वैऱ्याचं का असेना, वाटेनं जाणारा थांबतो, चिखलाचं ढेकूळ टाकतो, टाचेनं दाबतो, मगच पुढं जातो. हे कुणी शिकवत नाही. माझंही तेच झालं. ब्रश ठेवला, सलवार वर खोचली, गवताचा बोळा आणि चिखल घालून भगदाड बुजवलं, टाचेनं घट्ट दाबलं, हात धुतले आणि येऊन बसले. परदेशात येऊन पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलं असं वाटून त्या दिवशी रंगही छान लागायला लागले.

धुऱ्याच्या टोकाला बांबूची एक छोटी झोपडी होती. थोड्या वेळानं तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश, माझ्या कोपऱ्यापर्यंत आले. रागावले नाहीत. मी दाबलेला चिखल त्यांनी पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिला, मान हलवली, बरं काम आहे अशा अर्थी. मग वाकून तो सगळा चिखल हातानं उपसून काढला. पाणी पुन्हा खळखळत निघालं. त्यांनी खाली हात केला. पायरीखाली पायरी, तिच्याखाली पायरी, अगदी दरीपर्यंत. त्या सगळ्यांचं पाणी मी अडवून ठेवलं होतं.

वायान धावत आला. ते भगदाड नव्हतं, मुद्दाम पाडलेलं तोंड होतं. आजची पाळी खालच्यांची होती. तोवर सगळा गट ब्रश हातात धरून माझ्याकडे पाहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण म्हातारेबुवांनी वायानला काहीतरी विचारलं, आणि तो हसून म्हणाला, पेकाक विचारताहेत, पर्यटकांना धुरा बुजवता येत नाही, या बाईंना कसा येतो? पेकाक म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. मी सांगितलं, घरचं धान आहे, माझ्या जाऊबाई रोवायच्या, आता गुडघे गेले. वायाननं ते त्यांना सांगितलं. पेकाकनी आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हातांनी थापट्या मारल्या आणि मला झोपडीकडे चला अशी खूण केली.

त्यांची मुलं खाली रोवत होती. ते स्वतः आता चिखलात उतरत नाहीत. मग दिवसभर करतात काय, मी विचारलं. बसतात, वायान म्हणाला. बसून पाणी बघतात. कुठलं तोंड उघडायचं, कुठलं बुजवायचं, ते बघून सांगतात. त्यांना कंटाळा नाही येत? हा प्रश्न वायाननं विचारावा की नाही असा जरा विचार केला, मग विचारला. पेकाक जे बोलले ते त्यानं मला असं सांगितलं: "रोवणारा वाकलेला असतो. पाणी कुठं चाललं ते त्याला दिसत नाही. ते बघायला कुणीतरी सरळ बसलेलं लागतं."

मी पेन्सिल पिशवीत ठेवली आणि नुसतं बघत बसले. या खेपेला झाकण उघडावंसं वाटलं नाही. पेकाक झोपडीच्या कडेवर बसून पाण्याकडे पाहत होते आणि त्यांनी दोन्ही पाय खालच्या पाटात सोडले होते. वाहतं पाणी घोट्यांवरून जात होतं. मग मी त्यांना काढलं. चेहरा बिघडला, पुसला, पुन्हा बिघडला. पाय मात्र पहिल्याच फटक्यात उतरले. पसरलेली बोटं, भेगाळलेल्या टाचा. आयुष्यभर चिखलात रोवलेले पाय मी लहानपणापासून ओळखते, तिथं मला वेगळं काही पाहावं लागलं नाही.

परत आले तेव्हा एकोडीचा रोवणा उरकला होता. बाई त्याच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मी स्केचबुक पुढ्यात उघडलं. लुगडी नेसलेले पुरुष पाहून त्या आधी समजल्याच नाहीत. मी खरं काय ते सांगितलं तेव्हा इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. गडीमानसं रोवतात? मंग बाया का करतात? गाणे कोनी म्हनत नाही? मंग त्यायचा दिवस कसा जाते? धुरा बुजवल्याची गोष्ट ऐकून मात्र त्यांनी माझी बाजू घेतली. "तू बराबर केलं. पानी जाऊन राहिलं तं मानूस का पाहत बसन?" मग पान उलटलं आणि पेकाक आले.

"हा कोन होय?"

"रोवणाराच. आता गुडघे गेले, म्हणून रोवत नाही."

"मंग का करते?"

"बसतो. पाणी बघतो. त्यानं सांगितल्याशिवाय पोरं पाण्याचं तोंड उघडत नाहीत."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. "पाय पान्यात हायेत याचे," एवढं बोलून त्यांनी स्केचबुक मिटलं आणि रेखाला, म्हणजे सुनेला, मला वाढायला सांगितलं.

आता काहीतरी घडेल अशी आशा घेऊन मी घरी आले. काही घडलं नाही. गेल्या वर्षीच्या रोवण्याला बाई आल्या नाहीत. मी स्टूल घेऊन गेले, एकटीच धुऱ्यावर बसले, चित्रं काढली, बायांनी माझी भरपूर गंमत केली. रांगेच्या उजव्या टोकाला रेखा होती आणि रांग थोडी वाकडी चालली होती. मी खट्टू होऊन परतले. एका कागदावरच्या परक्या माणसाचे पाय पाहून कुणी उठून चालायला लागेल, असं मला वाटलं होतं, त्याचं माझं मलाच हसू आलं. निघताना रेखानं एवढंच सांगितलं की आईंनी खाट फिरवून घेतली आहे. आता तोंड दाराकडे असतं. दारातून तलावाची पाळ दिसते आणि पाळीखालची पहिली बांधी.

आणि गेल्या आठवड्यात फोन आला. बाई स्वतः कधी फोन करत नाहीत. रेखाकडून लावून घेतला होता. पाऊस किती, तब्येत कशी, असं सगळं झालं. मग म्हणाल्या, "तुवं थे बसाचं स्टूल अजून हाय का वं? येतानी आनजो."

तर मी स्टूल घेऊन आले. बाई तयारच होत्या, लुगडं वर खोचून, जणू रोवायलाच निघाल्यात. माझ्या हाताला धरून तलावाच्या पाळीवरून त्या इतक्या सावकाश चालल्या की एरवीची पाच मिनिटांची वाट मला नव्यानं दिसली. पाळीवरची ऐनाची झाडं, पाण्यात उभे बगळे, कुणाची तरी चिखलात रुतलेली चप्पल. बांधीजवळ आलो तशी रांग थांबली. बाया कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. सगळ्यात म्हातारीनं विचारलं, "आली का वं कमल?" बाई म्हणाल्या, आली. एवढंच. रांग पुन्हा वाकली.

मी स्टूल उघडून धुऱ्यावर नीट टेकवलं. बाई बसल्या, आणि लगेच चुळबुळ सुरू झाली. पदर नीट केला, पुन्हा नीट केला, धुऱ्यावरचं गवत उपटलं, उठतात की काय असं वाटलं. मी माझी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. अशा वेळी हातात झाकण असलेलं बरं असतं, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. त्यांनी ते उघडलं, लावलं, उघडलं. मग कधीतरी हात थांबले.

रांग आमच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत चालली होती. तिच्या आणि आमच्या मध्ये पोपटी पऱ्हे एकेक ओळीनं उभे राहत होते. बायांनी गाणं धरलं. बाई त्यात मिसळल्या नाहीत, नुसत्या पाहत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे.

"एवढा जलम रोवना केला," त्या म्हणाल्या, "पाहिला नाही कदी."

मला रडू आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी रंगांच्या पेटीत डोकं घातलं. तेवढ्यात बाई ताठ झाल्या. "रेखा! थ्या कोपऱ्यातून पानी जाऊन राहिलं." मी पाहिलं तर मला काहीच दिसेना. रेखा चिखल तुडवत गेली, वाकली, आणि तिथून हात वर केला. भोक होतं. खेकड्याचं. तिनं ढेकूळ टाकलं, टाचेनं दाबलं आणि परत उजव्या टोकाला येऊन उभी राहिली. वाकलेल्या बायांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. बाई पुन्हा मागे टेकल्यासारख्या बसल्या. स्टुलाला पाठ नाही, तरी त्या टेकल्यासारख्या दिसल्या.

मी कागद काढला. रांग डोळ्यांसमोर होती, पण माझ्या मनात दुसरंच आलं. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला रांगेत काढू का? उजव्या टोकाला, तुमच्या जागेवर. मला पाठ आहे तुमची ती जागा." ताईंनी ऐकलं असतं तर रागावल्या असत्या. पण बाईंना ते देता येईल असं मला फार मनापासून वाटलं.

बाईंनी उजव्या टोकाकडे पाहिलं. रेखा वाकून रोवत होती. यंदा रांग बरीच सरळ होती.

"नोको. थ्या जागी आता रेखा हाय, तिथं तिलेच काढ. मी इथं बसली आहो. मले इथं काढ."

असं म्हणून त्यांनी चपला काढून धुऱ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. लुगडं थोडं वर घेतलं आणि दोन्ही पाय सावकाश बांधीच्या पाण्यात सोडले. डॉक्टरांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, मी ते गिळलं. पाणी गढूळ झालं, मग निवळत गेलं. बाई रांगेकडे पाहत होत्या. मी पायांपासून काढायला सुरुवात केली.